शिंप्याचा उजवा हात

४ फेब्रुवारी १९३१

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. रीत म्हणून ते वर लिहिले आहेत, खाली शोधू नका.

आमच्या शाळेत सीमेपलीकडून एक नवी मुलगी आली आहे, वडिलांची बदली झाली म्हणून. परवा चित्रकलेच्या तासाला तिनं दप्तरातून एक पुस्तक काढलं आणि म्हणाली, "बाई, मला असं काढायला शिकवा. हे आमच्या मामांचं पुस्तक आहे." मी विचारलं, कोणाचे मामा? तर म्हणे, सगळ्यांचे. तिकडची सगळी मुलं त्यांना मामाच म्हणतात.

पुस्तकाचं नाव ‘बिनबुडाचा खिसा’. खाली लिहिलंय, ‘लेखक व चित्रकार: मुलांचे मामा’. आणि त्याखाली तुमच्या छापखान्याचा पत्ता. नववी आवृत्ती.

भावजी, ती गोष्ट मी लिहिली आहे. १९१३ साली, तुमच्या वडिलांच्या छापखान्यातल्या मागच्या खोलीत बसून, चोवीस चित्रं मी स्वतः छपाईच्या दगडावर काढली. तुमचे दादा शेजारी कागद कापत होते. तुम्ही तेव्हा वीस वर्षांचे होतात आणि "वहिनी, तेवढा चहा टाका" यापलीकडे त्या पुस्तकाशी तुमचा संबंध नव्हता.

नाव ढापलंत ते ढापलंत, वर शेवटही बदललात. माझ्या गोष्टीतला हावरट खजिनदार कोटाला खिशामागून खिसे लावून घेतो. शिंपी प्रत्येक खिसा बिनबुडाचा शिवतो. खजिनदार त्यात लोकांचा पैसा कोंबत चालतो, मागे सगळा रस्त्यावर सांडत जातो आणि तो वळून बघत नाही. गोष्ट तिथं संपते. तुमच्या पुस्तकात शिंपी त्याचे पाय धरतो, खजिनदार त्याला माफ करतो आणि वर बक्षीस देतो! कोणाच्या डोक्यातून निघालं हे? विचारायला नकोच.

पुढच्या आवृत्तीवर माझं नाव आणि माझा शेवट आला पाहिजे. आहात का कबूल? सरळ उत्तर द्या.

वहिनी


२ मार्च १९३१

तीर्थरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी डोळे भरून आले, मग हसू आलं. वहिनी, तुम्ही अजून तशाच! दादा म्हणायचा ते खोटं नाही: हिच्या हातात पट्टी नसली तरी समोरच्याला लागते.

तुमचं पुस्तक तिकडे मेलं होतं, हे तर मान्य कराल? पाचशे प्रती छापल्या आणि जेमतेम शंभर खपल्या. उरलेले गठ्ठे कोणी नेले? मीच नेले आणि रद्दीत घातले, दादाच्या डोक्याचा ताप गेला. त्यातली एक प्रत मी ठेवून घेतली आणि इकडे आल्यावर छापली. मेलेल्याला जिवंत केलं, त्याची ही शिक्षा? मुलांना ‘मामा’ हे नाव गोड वाटतं. तुमचं नाव घातलं असतं तर पुस्तकाला शाळेचा वास आला असता.

आणि कायद्याचं म्हणाल, तर दाखवा कायदा. तुमच्या देशानं लेखकांच्या हक्कांच्या त्या करारावर सही केली असेल, आमच्या देशानं केलेली नाही. तिकडचं पुस्तक इकडे आलं की ते रानातलं बोर. ज्याचा हात पोचेल त्याचं. गेल्याच महिन्यात प्रकाशकांच्या सभेत मी अध्यक्ष म्हणून बोललो, "विद्येला कुंपण कशाला?" टाळ्या थांबेनात.

घरातली गोष्ट घरातच राहिली, असं समजा. दादाच्या त्या तुटक्या बोटाची शपथ, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आपला आज्ञाधारक दीर


२० एप्रिल १९३१

प्रिय भावजी,

आशीर्वाद. तुमचं म्हणणं कळलं. कायदा तुमच्या बाजूचा आहे, तेव्हा माझं बोलणंच खुंटलं.

एक विनंती. त्या पुस्तकाची कोणाला द्यायला माझ्याकडे एकही प्रत नाही. तुमची एक पाठवा. पहिल्या पानावर ‘वहिनीस, लेखकाकडून’ असं लिहून सही करा. पाहुण्यांना दाखवायला बरं.

वहिनी


१६ मे १९३१

तीर्थरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार. याला म्हणतात मोठं मन! प्रत पाठवली आहे. तुम्ही म्हणालात तसंच लिहिलं आहे, सहीखाली दोन रेघा मारून. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

आपला दीर


७ नोव्हेंबर १९३२

तीर्थरूप वहिनीस,

नमस्कार. दीड वर्षानं लिहितो आहे.

चोरी झाली, वहिनी! दिवसाढवळ्या दरोडा! समुद्रापलीकडे कुठल्याशा प्रकाशन कंपनीनं ‘बिनबुडाचा खिसा’ छापलंय. शब्द त्यांच्या भाषेत, चित्रं आपलीच. लेखकाच्या नावाची जागा कोरी सोडलीय. निर्लज्जपणा बघा, माझं नाव छापण्याचं सौजन्यसुद्धा नाही! आणि शेवट भलताच केलाय. माफी नाही, बक्षीस नाही, खजिनदार आपला चालतोय. माझ्या गोष्टीचा गळा घोटला मेल्यांनी.

पुस्तक तिकडे धो धो खपतंय. मी वकिलाकडे गेलो. तो दात कोरत म्हणाला, "मामा, आपला देश करारात नाही. तिकडच्या कोर्टात तुम्हाला कोण उभं करणार?" म्हणजे माझ्या पुस्तकाला कोणी वाली नाही! लेखकानं रात्रंदिवस रक्त आटवायचं आणि कोणीही उठून हात मारायचा? तुम्ही शिकलेल्या आहात. काय करू सांगा.

आपला दुःखी दीर


२८ नोव्हेंबर १९३२

प्रिय भावजी,

आशीर्वाद. वाचून फार वाईट वाटलं. दुसऱ्याचं पुस्तक असं उचलणारी माणसं जगात असतात, यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

उपाय एकच. तुमच्या देशाला करारात आणा. तुम्ही प्रकाशकांचे अध्यक्ष आहात, तुम्ही नाही तर कोण?

करार अवघड नाही. १८८६ साली बर्न शहरात काही देशांनी मिळून ठरवलं: तुमच्या लेखकाला आमच्याकडे आमच्या लेखकाइतकाच हक्क, आमच्या लेखकाला तुमच्याकडे तुमच्या लेखकाइतका. पुढे त्यात भर पडत गेली. आता नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याचा हक्क तो जिवंत असेपर्यंत राहतो आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं. चार वर्षांपूर्वी रोमच्या बैठकीत आणखी एक कलम आलं. पुस्तकाचे सगळे हक्क विकून टाकले, तरी ‘हे माझं’ म्हणण्याचा आणि कोणी त्याची मोडतोड केली तर हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. तुमचा शेवट बदललाय ना? मग हे कलम तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे.

एक मात्र सांभाळा. नव्यानं येणारे देश जुनी पुस्तकं वगळण्याची सवलत मागतात. तुमचेच सभासद तसं म्हणतील, कारण प्रत्येकाच्या कपाटात काही ना काही उचललेलं असणार. ऐकू नका. जुनी पुस्तकं वगळली, तर तुमचं ‘खिसा’ही वगळलं जाईल. जुन्या पुस्तकांना करार पुरेपूर लागू झाला पाहिजे, यासाठी हटून बसा.

भाषण लिहून हवं असेल तर कळवा. उचलेगिरीबद्दल चार शब्द मला सुचतात.

वहिनी


२२ ऑगस्ट १९३३

तीर्थरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार. जिंकलो! गेल्या आठवड्यात आमच्या सरकारनं करारात नाव घातलं, आणि जुन्या पुस्तकांसह!

तुमचं भाषण जसंच्या तसं वाचलं. ‘दुसऱ्याच्या ताटातलं उचलून मुलांना भरवणाऱ्याला दाता म्हणत नाहीत’ या वाक्याला मंत्रिसाहेबांनी मान डोलावली. विरोध कमी नव्हता. शेजारचा पंचांगवाला प्रकाशक उठून म्हणाला, "मामा, दोन वर्षांपूर्वी तुम्हीच विचारत होतात ना, विद्येला कुंपण कशाला?" मी म्हणालो, "तेव्हा माझं शेत उघडं होतं, आता त्यात गुरं शिरली आहेत." सगळे हसले. तो मात्र रुसून बसला. त्याची अर्धी यादी आता बुडणार. बुडो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता दावा. इथं एक गंमत सांगतो. आमच्या छापखान्यातल्या म्हाताऱ्या मशीनवाल्यानं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि म्हणाला, "साहेब, हे आरशासारखं आहे. आपल्या शिंप्याच्या डाव्या हातात कात्री, त्यांच्या उजव्या." मी इतकी वर्षं छापतोय, पण पानं किती आणि कागद किती लागेल यापलीकडे ते पुस्तक मी कधी बघितलं नव्हतं! वकिलानं तर उडीच मारली. म्हणाला, "हाच पुरावा. दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. चोर छापील पान समोर ठेवून जसंच्या तसं दगडावर गिरवतो, म्हणून त्याच्या कागदावर उजव्याचं डावं होतं आणि डाव्याचं उजवं. उलटलेलं ते चोराचं."

एकच शंका. तुमच्या त्या पहिल्या पुस्तकात शिंपी कोणत्या हाताचा होता? माझ्याकडची प्रत कधीच फाटून गेली.

आपला विजयी दीर


९ सप्टेंबर १९३३

प्रिय भावजी,

आशीर्वाद आणि अभिनंदन.

वीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय? आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसायचा तो शिंपी मात्र डावखुरा होता. तुम्ही लहानपणी त्याच्या कात्र्या पळवायचात.

वकिलाचा मुद्दा उत्तम आहे. दाव्यात तो पहिल्याच पानावर, शपथेवर आणि अगदी स्पष्ट लिहा: जे उलटलेलं, ते चोराचं. न्यायाधीशाला एकच कसोटी द्यावी, म्हणजे गोंधळ होत नाही.

वहिनी


११ जानेवारी १९३४

तीर्थरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार. दावा दाखल झाला. तुम्ही सांगितलंत तसंच, पहिल्या पानावर, शपथेवर. गल्लीतल्या डावखुऱ्या शिंप्यावरून मला ही गोष्ट कशी सुचली, तेही लिहिलं आहे. वाचून वकिलाच्या डोळ्यांत पाणी आलं, निदान तो तसं म्हणाला.

सुनावणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, समुद्रापलीकडे. बोटीचं तिकीट काढलंय, नवा कोट शिवलाय. समोरच्यांनी अजून साक्षीदाराचं नावसुद्धा दिलेलं नाही. देणार कोणाचं? चोराला साक्षीदार कुठला!

आपला दीर


१५ मार्च १९३४

वहिनी,

तुम्ही दुसऱ्या बाकावर बसल्या होतात. राखाडी शाल. आधी मला वाटलं, माझ्या बाजूनं आलात. मी हात केला. तुम्ही चष्मा पुसत राहिलात.

आता इथल्या खोलीत बसून पुनःपुन्हा तेच दिसतंय. न्यायाधीशानं माझं पुस्तक हातात घेतलं आणि एकेक पान उलटत विचारलं, "शिंपी डावखुरा, समजलं. पण न्हावी वस्तरा डाव्या हातात धरतो. कारकून डाव्या हातानं लिहितो. शाळेतल्या बाईंनी छडी डाव्या हातात घेतलीय. मामा, तुमचं अख्खं गाव डावखुरं आहे का?" लोक हसायला लागले. माझा वकीलसुद्धा खाली मान घालून हसत होता, मी पाहिलं. मग समोरच्यांनी साक्षीदार म्हणून तुमचं नाव पुकारलं. तुम्ही पिशवीतून ते पुस्तक काढलंत. १९१३. सगळं गाव उजव्या हाताचं. न्यायाधीश म्हणाले, "कसोटी वादीनंच दिली आहे." मग तुम्ही मी सही केलेली प्रत टेबलावर ठेवलीत, ‘वहिनीस, लेखकाकडून’. त्यावर काय हशा पिकला, तो मी सांगायला नको.

प्रत नाही म्हणाल्या होतात ना?

वहिनी, निकाल पुढच्या महिन्यात आहे. तोवर मिटवता येईल. आपण घरची माणसं. पुढच्या आवृत्तीवर दोघांची नावं घालू, हवं तर तुमचं आधी. आमच्या देशातल्या वर्तमानपत्रात अजून काही आलेलं नाही. आलं तर मुलं मला काय म्हणतील? तेहतीस शाळांत माझी तसबीर आहे. दादा असता तर त्यानं हे होऊ दिलं नसतं. त्या कंपनीला एवढं सांगा, की आमचं घरातच मिटलं. ते लोक तुमचं ऐकतील असं दिसतंय. कोण आहेत ते तुमचे?

आपला दीर


२ एप्रिल १९३४

भावजी,

आशीर्वाद या वेळी वरही लिहीत नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं देते.

प्रत. ‘कोणाला द्यायला एकही नाही’ असं मी लिहिलं होतं. ते खरंच होतं. जी आहे ती कोणाला द्यायची नव्हतीच. तिच्याबरोबर मुखपृष्ठाचा दगडही आहे. तुमच्या दादांनी तो छापखान्यातून विकत घेतला होता, पुसून पुन्हा वापरू नये म्हणून. इतकी वर्षं मागच्या दाराशी पायरी म्हणून पालथा पडला होता. तुम्ही त्याच्यावर चपला काढल्या आहेत.

ती कंपनी. तिची मालकीण माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही तिला ‘तोफ’ म्हणायचो. तुमची सही केलेली प्रत आली त्याच आठवड्यात मी तिला माझी प्रत दाखवायला पाठवली, आणि छापायची लेखी परवानगी दिली. लेखकाची परवानगी असली की त्याला चोरी म्हणत नाहीत. लेखकाची जागा कोरी ठेवायला मीच सांगितलं. तुमच्या डोळ्यांत भरावी म्हणून. भरली. माझं नाव असतं तर तुम्ही गप्प बसला असतात. एक प्रत तुमच्याच शहरातल्या दुकानात ठेवायची व्यवस्थाही तोफेनंच केली.

तुमच्या देशाचं दार मला बंद होतं. ते तुम्हीच आतून उघडलंत, माझं भाषण वाचून. जुन्या पुस्तकांचं कलम तुम्ही हटून घालून घेतलंत. त्या कलमानं ‘बिनबुडाचा खिसा’ आता तुमच्याही देशात माझं आहे. समुद्रापलीकडचा निकाल लागला की तुमच्या देशात दावा मी लावते. बिचारा पंचांगवालाही तुमच्यावर नाराज आहे म्हणे. तो साक्षीला येईल.

तुमचं १९३१ सालचं पत्रही माझ्याजवळ आहे, गठ्ठे रद्दीत घातल्याचं. ते लागेल असं वाटत नाही. तुमचं शपथपत्र पुरेल.

दोघांची नावं? नाही. वर्तमानपत्रात येऊ नये? येईल. तोफ तेवढ्यासाठीच जन्माला आली आहे. मुलं काय म्हणतील ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं तुम्ही त्यांचे मामा होतात. आता त्यांच्यातल्याच एकीनं पुस्तक दाखवून तुम्हाला मामा बनवलं, असं समजा.

मिटवायचं असेल तर माझी अट एकच. तुम्ही विकलंत तिथं तिथं हे पुस्तक नव्यानं जाईल. माझ्या नावानं, माझ्या शेवटासह. छापायचं तुमच्याच छापखान्यात. तुमचं नाव शेवटच्या पानावर तळाशी, ‘मुद्रक’ म्हणून, तुमच्याकडचा सगळ्यात बारीक टाइप असेल त्यात. शाळांतल्या तसबिरी तुम्ही स्वतः उतरवायच्या.

आता एक गोष्ट, जी मी कोर्टात सांगितली नाही. ती न्यायाधीशाची नाही, आपली आहे.

गल्लीतला शिंपी डावखुरा होता, हे खरं. पण मी त्याला काढलंच नव्हतं. मागच्या खोलीत माझ्यासमोर दिवसभर एकच माणूस कात्री घेऊन उभा असायचा, त्याचे हात मी काढले. चोवीसही चित्रांत शिंप्याच्या उजव्या तर्जनीचं पुढचं पेर नाही. तुम्ही पाच वर्षांचे असताना कटिंग मशीनच्या पात्याखाली हात घातला होता. दादांनी तुमचा हात ओढून काढला आणि त्यांचं बोट आत राहिलं. त्या बोटाची तुम्ही मला पत्रातून शपथ घातलीत.

तुमच्या कारागिरानं माझं पान गिरवलं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं तेवढी त्यानं सुलटी करून घेतली, कारण अक्षरं गिऱ्हाईक वाचतं. बोट मात्र इमानानं तुटकंच काढलं, पण डाव्या हाताचं. अशा नऊ आवृत्त्या तुमच्या टेबलावरून गेल्या. भावजी, तुम्हाला पुस्तक माझं आहे हे दिसलं नाही, ते मी समजू शकते. तो हात कोणाचा आहे, हेही तुम्हाला दिसलं नाही.

म्हणून अटीत एक ओळ वाढवते. नव्या आवृत्तीचा कागद तुम्ही स्वतः कापायचा, माणूस न लावता. मशीनपाशी उभं राहून, सगळ्या प्रतींचा.

जपून कापा. मध्ये हात घालायला आता दादा नाहीत.

बिनबुडाचा खिसा या पुस्तकाची लेखिका व चित्रकार